मढीत भाव करायला शिकलो

गाढवीण विकत घ्यायला मढीला चाललो आहे, हे मी वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला फारसं कुणी उरलेलंही नाही. भोर तालुक्यातल्या डोंगरावर आमची बारा घरांची वाडी आहे. त्यातली चार उघडी असतात. गाडीरस्ता खालच्या गावापर्यंत, पुढे तासाभराची चढण. पूर्वी एका शेजाऱ्याची गाढवं सगळ्यांचं सामान वर आणायची. तो मुलाकडे चिंचवडला राहायला गेला आणि जाताना जनावरं विकून गेला. तेव्हापासून गॅसचा सिलिंडर खांद्यावर आणि उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी डोक्यावर.

मी शिरवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. वेळेआधी निवृत्ती घेतली आणि बायकोला, सुमनला, घेऊन वडिलांच्या घरी राहायला आलो. दुसऱ्याच उन्हाळ्यात तिचे गुडघे बोलू लागले. मग मुलीच्या बाळंतपणाला म्हणून ती सुरतेला गेली. नातू आता चालतो. फोनवर "कधी येतेस?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. "पाणी आणि सिलिंडर माझ्या डोक्यावर न चढता वर यायला लागले, की येते." हे उत्तर मला धीर द्यायचं. त्यात एक अट होती, आणि अट पुरी करता येते.

जेजुरीचा गाढवांचा बाजार आम्हाला जवळचा, पण तो पौषात होऊन गेला होता. राहिली मढी. मजुरी, खेपा, चारा असा सगळा हिशेब मांडला. सव्वीस-सत्तावीस हजारांपर्यंतचं जनावर दोन वर्षांत फिटत होतं. अठ्ठावीस हजार रुपये सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले, खिसा सुईदोऱ्यानं शिवला आणि रंगपंचमीच्या आधी निघालो.

तिसगाव

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या एसटीनं तिसगावला उतरायचं आणि पुढे जीप धरायची. हरभरा निघून गेलेला, रानं मोकळी, कडेला बाभळी. आमच्याकडे मार्चमध्ये डोंगर तपकिरी झाला तरी खाली दरीत कुठं तरी हिरवं सापडतं. इथं नजर लांबवर जाते आणि कशालाच अडत नाही. दोन दिवस राहिल्यावर त्याची सवय झाली, पण पहिल्या दिवशी मला उगाच उघड्यावर पडल्यासारखं वाटलं.

जीपमध्ये दाटीवाटीनं कुटुंबंच्या कुटुंबं होती. पोरं, गाठोडी, झेंडे बांधलेल्या उंच काठ्या टपावर. शेजारच्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुटलं गाव?"

"भोरकडचं."

"मागं कोन हाय का तुमच्या, दुसऱ्या गाडीत?"

"नाही. एकटाच आहे."

"मढीला येकटं?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं, जणू असा प्रकार त्यानंही पाहिलेला नसावा. मग स्वतःच्या मांडीवरचं गाठोडं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "मग हे धरा. मोकळे हाय तर."

मढीपर्यंत मी ते गाठोडं धरून बसलो. त्यात पितळेची घंटा असावी. खड्डा आला की वाजायची.

मढी

ज्यांनी मढी पाहिली नाही त्यांना थोडक्यात सांगतो. कानिफनाथांचं देऊळ टेकडीवर आहे आणि खालच्या माळावर गाढवांचा बाजार भरतो. भटकी माणसं वर्षभर जिथं असतील तिथून इथं येतात. कुंभार, बेलदार, वडार, वैदू, शिवाय काठेवाडातून आलेले व्यापारी. कुणी आपसात तेलुगूसारखं काही बोलतं, कुणी गुजराती, कुणी मारवाडी, आणि सगळी मिळून एकमेकांशी जे बोलतात त्याला हिंदी म्हणायचं इतकंच. गाढवांच्या पाठीवर गुलाबी-हिरवे पट्टे ओढलेले असतात. वर रेवड्या उधळल्या की खाली माळापर्यंत ओरडा ऐकू येतो आणि त्यात शंभर गाढवं आपला सूर मिसळतात.

उतरण्याची सोय कासाबाईंकडे झाली. त्यांची बाजाराच्या कडेला चहाची टपरी, मागे घर. साठीच्या असतील. भजी मागितली तर म्हणाल्या, "आमच्या घरात तळान न्हाई सध्या, देवाचं हाय. भाकर खा, ठेचा हाय, हुलग्याचं शेंगोळं हाय." शेंगोळं मी पहिल्यांदा खाल्लं. हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे, झणझणीत लसणाच्या पाण्यात शिजवलेले. नाकातून पाणी आलं तसं बाईंनी न विचारता दुसरी भाकरी वाढली.

जेवून बाजारात गेलो. तासभर नुसता फिरलो, आणि मग जेसाभाईंच्या जनावरांपाशी थांबलो. काठेवाडी माणूस, पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा, बसायला उलटी घातलेली बादली. त्यांच्याकडे एक पांढुरकी गाढवीण होती, पाठ रुंद, पाय सरळ, डोळे शांत. तिच्याकडे पाहून मला पटलं की ही चढण चढेल.

"केटला?" एवढं गुजराती मला येतं.

"छब्बीस हजार."

माझ्या हिशेबात बसत होतं. मी म्हणालो, "ठीक है." आणि खिशाचा टाका तोडायला लागलो.

जेसाभाईंचा चेहरा एकदम मिटला. त्यांनी गाढविणीची दोरी आखूड केली, स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि म्हणाले, "नहीं देनी."

"अहो, पण तुम्ही सांगितलेल्याच भावाला घेतोय!"

"बिक गई," ते म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

मी पुढच्या माणसाकडे गेलो. त्याचीही जनावरं विकलेली निघाली. त्याच्या पुढच्याची नुकतीच विकलेली. माझ्यापुढून बातमी चालली होती आणि मी तिच्या मागून. गाढवांना ऊन लागू नये म्हणून गोणपाट टाकणारे मला पाहिल्यावर हात थांबवून बघत राहायचे. हजारो माणसांत मी एकटा स्वच्छ इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होतो आणि कुणाला माझे पैसे नको होते.

टपरीवर परत आलो तर कासाबाईंना सगळं कळलेलं.

"भाव न्हाई केला व्हय तुमी?"

"करायचा कशाला? किंमत योग्य वाटली."

"आरं देवा." त्यांनी गाळणी खाली ठेवली. "दात बगितलं न्हाई, खूर बगितला न्हाई, घासाघीस न्हाई. लांब न्हिऊन कापनारी मान्सं आशीच घेत्यात, दादा. त्यास्नी दाताचं काय करायचंय? गाडी भरली का झालं. ज्याला जनावर पाळायचंय त्यो भांडतो. आर्धा दिस भांडतो."

आयुष्यभर स्टोअरमध्ये मी छापील दरानं माल घेतला. घरची खरेदी सुमन करायची आणि मी पिशवी धरून चार हात लांब उभा राहायचो, कारण तिची घासाघीस ऐकताना मला लाज वाटायची. ती भाजीवालीशी भांडायची, मग तिच्याच मुलीच्या लग्नाची चौकशी करायची. दोन्ही एका दमात कसं जमतं हे मला कळत नसे.

संध्याकाळी तिला फोन केला. सांगून संपेपर्यंत ती हसत होती.

"पहिल्याच बोलीला हो म्हणालात? अहो, काय तुम्ही!"

"मग आता काय करू?"

"उद्या परत जा. अर्ध्याच्या खालून सुरू करा. खोड काढा. तो चिडला तर बसून राहा, उठू नका. आणि मधेच उठा."

"बसू का उठू?"

"ते तेव्हा कळतं." मागे कुणीतरी तिला हाक मारली, ताटं मांडल्याचा आवाज आला. "ठेवते हं, सगळे जेवायला थांबलेत."

मी फोन ठेवला. माझं जेवण झालेलं होतं.

मढी, बाजाराचा दुसरा दिवस

सकाळी कासाबाईंनी माझी तालीम घेतली. रेवडीची पुडी पुढे ठेवली, म्हणाल्या पन्नास रुपये. मी म्हणालो चाळीस. "हां, आन् का चाळीस?" मी पुडी उलटीसुलटी करून पाहिली. "आवो, कायतरी बोला की! रेवडी नरम हाय म्हना, तीळ कमी हाय म्हना, तुमचं तोंडच कडू हाय म्हना!" मी म्हणालो, तुमचं तोंड कडू नाही. त्यावर त्या एवढ्या हसल्या की पुडी तीसला दिली.

जेसाभाई बादलीवर बसलेलेच होते. गाढवीणही होती. मी कालचं काहीच झालं नाही असं धरून तिच्याभोवती एक फेरी मारली.

"बारा हजार," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. डोळे बारीक करून मला पाहिलं, आणि मिशीखाली काहीतरी हललं.

"बार हजारमां तो पूंछडुं आवे. खाली पूंछ."

"शेपूट तुमच्याकडेच ठेवा. माझं पाणी शेपटीवर येत नाही."

शेजारच्या दोघांनी माना वळवल्या. जेसाभाईंनी उठून तिचा ओठ वर केला. "देख, दांत देख! कल क्यों नहीं देखा?"

मी दात पाहिले. त्यातलं मला काही कळत नव्हतं, पण कपाळाला आठ्या घालून बराच वेळ पाहिले. "जुने वाटतात."

"तारा करतां नवा छे!" तुझ्यापेक्षा नवे आहेत, हे मला न सांगता कळलं. भोवती हशा पिकला.

"कान फार मोठे आहेत."

"बड़ा कान अच्छा. तेरी बात सुनेगी. घर में और कौन सुनता है तेरी?"

सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.

मग मला बसायला गोणपाट मिळालं, आणि बशीतून चहा. त्या लोकांची रीत अशी, की बोली चालू असेपर्यंत गिऱ्हाईक त्यांचं. दुसरा कुणी त्याला हाक मारत नाही, आणि जेवायची वेळ झाली तर ते तिथंच जेवतं. आमच्याकडे दुकानदार चहा पाजतो तो माल खपावा म्हणून. इथं जेसाभाईंच्या घरच्या बाईंनी मला बाजरीचा जाड रोटला, लसणाची लाल चटणी आणि ताक दिलं, आणि मी एकीकडे जेवत त्यांच्या जनावराच्या खुरांना नावं ठेवत होतो. नगरची भाकरी पातळ आणि थापलेली, हा रोटला तिच्या दुप्पट. एकातच पोट भरलं.

ते पंचवीसवर आले, मी चौदावर गेलो. ते त्यांच्या गावच्या दुष्काळाबद्दल बोलले, मी आमच्या चढणीबद्दल. त्यांनी विचारलं सिलिंडर किती किलोचा, मी सांगितलं भरलेला साधारण तीस. "दो उठाएगी. तू भी बैठेगा तो तू भी." मी एकदा रागावून उठलो, पंधरा पावलं गेलो आणि कुणी हाक मारेना म्हणून घाबरून स्वतःच परत आलो. पुन्हा हशा. एका बाजूला ऊन सरकत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की वाडीत गेल्या महिनाभरात मी जेवढं बोललो नसेन तेवढं या माणसाशी बोललो होतो, आणि त्यातलं अर्धं आम्हा दोघांनाही नीट कळलेलं नव्हतं. भाव लवकर तुटू नये असं मला वाटू लागलं. ही गोष्ट हिशेबात बसत नाही, पण होती.

अखेर ते एकवीसवर अडले, मी एकोणीसवर. तेव्हा त्यांनी विचारलं, "घर में कौन है? इसको पानी कौन देगा?"

"मी. आणि बायको."

"घर पे है अभी?"

खोटं बोलता आलं नाही. "आत्ता सुरतेला आहे. मुलीकडे."

"सुरत!" जेसाभाई बादलीवरून उठले. "सुरत तो आपणुं! फोन लगाव. तेरे से नहीं होता, उनसे बात करता हूँ."

मी फोन लावला, सुमनला दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. मला वाटलं ती हिंदीत बोलेल. फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांना ऐकू गेलं. सुमन गुजरातीत बोलत होती.

तोडकं नाही, अडखळत नाही. मराठीत बोलते तशी, त्याच लयीत. एक वाक्य टाकायची, जेसाभाई "अरे बेन!" म्हणून कपाळाला हात लावायचे, तिकडून ती हसायची. मध्येच तिनं काहीतरी सांगितलं आणि रोटला देणाऱ्या बाई चुलीपासून उठून फोनजवळ आल्या. त्याही बोलल्या. तिघं मिळून हसली. मी दोरी धरून उभा होतो. मला फक्त आकडे कळत होते. वीस. ओगणीस. साडा अढार. अढार.

दीड वर्षात ती हे शिकली होती. कुणाशी बोलून शिकली, रोज सकाळी कुठल्या भाजीवालीशी, जिन्यात कुठल्या शेजारणीशी, यातलं मला एक नाव माहीत नव्हतं. फोनवर आमचं बोलणं व्हायचं ते तब्येत, नातू आणि पाणी यांवर.

अठरावर सौदा ठरला असं मला वाटलं. पण जेसाभाई अजून ऐकत होते. त्यांचं हसू थांबलं होतं. ते फोन घेऊन थोडे लांब गेले. "हा बेन," म्हणाले. पुन्हा, "हा बेन." मग फोन बंद करून माझ्या हातात दिला आणि आपल्या हातानं माझा हात घट्ट धरला. सौदा झाला.

मी अठरा हजार मोजले. तोवर ते मागे गेले आणि दुसरी एक गाढवीण घेऊन आले. म्हातारी, करडी, खालचा ओठ लोंबणारा, पण पोट भरलेलं.

"ये भी ले जा."

"मला एकच हवी आहे."

"पैसा नहीं मांगता. एक जानवर अकेला नहीं रहता. चिल्लाता है, खाता नहीं."

"मग तीन हजार घ्या."

"नहीं."

"दोन."

"अरे, नहीं!"

"फुकट मी कुणाचं काही नेत नाही. दीड हजार. यापेक्षा एक रुपया कमी देणार नाही."

जेसाभाईंनी सगळ्यांकडे पाहून हात पसरले. "ऐसा ग्राहक देखा है? कल पूरा देता था, आज ज्यादा देता है!"

कासाबाई टपरी सोडून तमाशा बघायला आल्या होत्या. "ह्यो मानूस उलटाच चालतोय," त्या म्हणाल्या. "घ्या वो दादा. मान राखा त्यांचा."

अखेर ते म्हणाले, सव्वा रुपया दे. मी म्हणालो पावली आता चालत नाही. मग एक रुपया. तो त्यांनी कपाळाला लावला आणि फेट्यात खोवला.

टेम्पोत जनावरं चढवताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "ती काय म्हणाली शेवटी?"

त्यांनी म्हातारीच्या मानेवरून हात फिरवला. "बहन बोली, आदमी अकेला है. जानवर अकेला मत देना."

"आत्ता एकटा आहे," मी म्हणालो. "ती येणार आहे. पाण्याची सोय झाली की येणार आहे."

दिवसभर माझ्या प्रत्येक वाक्यावर उलटं बोलणारा माणूस टेम्पोकडे वळला. त्यानं टेम्पोची फळी वर केली, कडी लावली आणि ती नीट बसली का हे दोनदा ओढून पाहिलं.

वाडी

घरी पोचल्यावर दुसऱ्या सकाळी दोघींना झऱ्यावर नेलं. पांढरीच्या पाठीवर वीस-वीस लिटरचे दोन कॅन बांधले. म्हातारीवर काही लादलं नाही. ती नुसती मागून चढली. वर येईपर्यंत वाटीभर पाणी सांडलं असेल. त्याच आठवड्यात खालच्या गावातून भरलेला सिलिंडरही आला. तो ओट्याखाली ठेवला, शेगडी पेटवून पाहिली आणि सुमनला फोन केला.

"पाणी डोक्यावर न चढता वर आलं," मी म्हणालो. "आणि सिलिंडरही."

पलीकडे नातू गुजरातीत काहीतरी मागत होता. तिनं त्याला त्याच भाषेत थांब म्हटलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आता तुमची सोय झाली."

सुरतेहून कुठली गाडी सोयीची, सुमन खालच्या गावात उजेडी पोचेल का, चढताना कुठं कुठं बसायला सावली आहे, पांढरीच्या पाठीवर गोधडी टाकून माणूस बसवता येईल का, हे सगळं मी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही सांगितलं नाही.

"हो," मी म्हणालो. "झाली."

मग तिनं विचारलं म्हातारी नीट खाते का, आणि मी सांगितलं, खाते. फोन ठेवून बाहेर आलो. दोघी एकमेकींच्या मानेवर मान टाकून उभ्या होत्या. मी कडबा पुढे टाकला, तरी बराच वेळ त्या माझ्याकडे वळल्या नाहीत.